नाक्यावरचे किल्ले

भाईंदर पश्चिमेला दिवेलागणीनंतर रस्त्याच्या कडेला ज्या खासगी बसगाड्या लागतात, त्यांच्या काचांवर सांचोर, भीनमाळ, जालोर, सिरोही, पाली अशी नावं असतात. टपावर गाद्यांच्या वळकट्या आणि दोरीनं करकचून आवळलेली खोकी चढत असतात. ही गावं आपल्याला नकाशात शोधावी लागतील, आमच्या गल्लीतल्या पोरांना मात्र ती पाठ आहेत. 1985 साली नगरपालिका आणि 2002 साली महानगरपालिका झालेलं आमचं मीरा-भाईंदर आगरी, कोळी आणि ख्रिस्ती गावांच्या शेतांना, मिठागरांना लागून वाढत गेलं, आणि त्याच्या बाजारपेठेतल्या कितीतरी पाट्यांमागे मारवाड उभा आहे.

अशा ठिकाणी राहिल्यावर वाळवंट फार परकं वाटत नाही. आमच्या शेजारच्या भाभी जालोरकडच्या. नळाला पाणी धो-धो आलं तरी त्यांच्या मोरीत पिंप, हंडे, कळश्या काठोकाठ भरलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या तोंडाला गाळण्याचं स्वच्छ फडकं. तसं पाहिलं तर त्यांचंच बरोबर आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि आम्ही पिणार ते शहाड-टेमघरचं नाहीतर एमआयडीसीचं पाणी. सूर्या धरणाच्या योजनेत आमच्या शहराच्या वाट्याला रोजचे 218 दशलक्ष लिटर लिहिले गेले, तेव्हा सोसायटीच्या सभेत पेढे वाटायचे की टँकरवाल्याची थकबाकी भागवायची यावर गंभीर चर्चा झाली होती. टँकर हा या शहराचा उंट. तो वळणावर दिसला की माणसं खिडकीत येतात.

इमारतीची सहल जैसलमेरला गेली ती या भाभींच्याच आग्रहानं. त्यांनी स्वतःही ते पाहिलेलं नव्हतं. ‘ताई, आम्ही गावाला जातो ते लग्नाला नाहीतर मयताला. फिरायला कधी जातो?’ असं त्या म्हणाल्या, आणि त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. सुरतेच्या पुढं गाडीत बहुतेक सगळे झोपले, मी आणि भाभी जाग्या. त्या स्टेशनांची नावं अशा सांगत होत्या की जणू एकेक नणंद आहे.

जैसलमेरला एका दिवसात सगळं बसवलं होतं. सकाळी किल्ला, दुपारी हवेल्या, मग बाजार, आणि ऊन उतरायच्या वेळी वाळूच्या टेकड्या. बरोबर गाईड. गाईड या जमातीविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, पण हा पाठांतराचा पक्का होता. 1156 साल, भाटी राजपूत रावळ जैसल, त्रिकूट टेकडी, नव्याण्णव बुरूज, 2013 साली युनेस्कोच्या यादीत नाव. बंगाली पर्यटक दिसले की त्यात सत्यजित राय आणि त्यांचा 1974चा ‘सोनार केल्ला’ आपोआप येऊन बसायचा. बुरूज नव्याण्णवच का, शंभरावा का नाही बांधला, असं आमच्यातल्या एका काकांनी विचारलं तेव्हा तो नुसता हसला. पाठांतरात तो प्रश्न नसावा.

किल्ला मात्र पाठांतराला पुरून उरणारा आहे. मुख्य म्हणजे तो राहता आहे. आपल्या सह्याद्रीत किल्ला म्हटला की ओसाड जोती, घाणेरीची झुडपं आणि टाक्यातलं हिरवं पाणी. इथं तटाच्या आत दोऱ्यांवर कपडे वाळताहेत, कुकरच्या शिट्ट्या होताहेत, शाळेची पोरं बुरुजाआडून धावत सुटताहेत. पिवळ्या दगडात कोरलेली जैन मंदिरं पाहताना भाभींनी पदर डोक्यावर घेतला आणि बराच वेळ त्या आमच्यातून वजा झाल्या. बाहेर आल्यावर गाईडनं एक गोष्ट सांगितली, तीच मला सगळ्यांत खरी वाटली. या टेकडीच्या पोटात मातीचे मऊ थर आहेत. पूर्वी गडीसर तलावातलं पाणी डोक्यावरून वर जायचं आणि चुळीचंसुद्धा मोजून वापरलं जायचं. मग नळ आले, मोऱ्या आल्या, हॉटेलं झाली, पाणी जमिनीत मुरायला लागलं आणि बुरूज ढासळू लागले. आठ शतकं पाण्यावाचून टिकलेला किल्ला पाण्यानं खचतो आहे. भाभी एवढंच म्हणाल्या, ‘पाणी सांडायचं नसतं.’

मला मात्र सकाळपासून एकच शंका छळत होती. वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या या माळावर एवढं कोरीवकाम पोसलं कुणी? बाजरीच्या पिकावर असल्या जाळ्या, असले सज्जे उभे राहत नाहीत. शौर्याच्या कथा सांगणारा माणूस या प्रश्नाला बगल देतो. लढाया सांगायला सोप्या असतात, जमाखर्च सांगायला कंटाळवाणा. शेवटी मी विचारलंच, ‘भैय्या, कमाई कुठली होती यांची?’ त्यानं टेकडीखाली माणक चौकाकडे बोट दाखवलं. सिंध, मुलतान आणि त्याही पलीकडून येणारे उंटांचे तांडे तिथं थांबायचे. रेशीम, अफू, सुकामेवा, घोडे, मसाले. तांड्याला पाणी आणि संरक्षण द्यायचं, त्याबदल्यात दाण, म्हणजे जकात, घ्यायचं, आणि जो देणार नाही त्याला संरक्षण कुणापासून हवं होतं ते समजावून सांगायचं. एवढ्या उलाढालीवर किल्ला उभा. मूळ पुंजी बाजाराची, बुरूज ते व्याज.

एकदा ही किल्ली हाती आल्यावर बाकीचा दिवस मला वेगळाच दिसायला लागला. पटव्यांच्या हवेल्या घ्या. गुमानचंद पटव्यानं 1805 साली पहिली बांधायला घेतली, मग पाच मुलांच्या पाच झाल्या. जरीचा धंदा, सोनं-चांदी, सावकारी आणि अफू. दगडात इतकं बारीक काम की सूर्य सरकला की भिंत हलल्यासारखी वाटते, आणि आत गेलं की दिसतात पेढीच्या बैठका, भिंतीतली कपाटं, तिजोरीच्या जागा. दिवाण सालिमसिंगाची हवेली जवळच आहे, आणि गावाबाहेर कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांनी एका रात्रीत सोडलेलं गाव म्हणून तिथं हल्ली भुताखेतांच्या कथा विकल्या जातात. लोककथेत दिवाणाची नजर एका मुलीवर पडली असं आहे. पण त्याच कथेच्या पोटात न पेलणारा करही आहे, आणि अभ्यासक आटत गेलेल्या पाण्याकडेही बोट दाखवतात. गाईडला करापेक्षा भूत बरं वाटत होतं. त्याचं तरी काय चुकलं? भुताला गिऱ्हाईक आहे.

मग हे सगळं थांबलं कशानं, असं विचारल्यावर त्यानं आमच्याकडे जरा मिश्कील बघितलं. ‘बंबई खा गई, मॅडम. आप ही लोग.’ थट्टेत म्हणाला, पण ते इतिहासाला धरून होतं. समुद्रमार्गानं व्यापार वाढला, मुंबई बंदर मोठं झालं, आगगाडी आली आणि उंटाची वाट रिकामी पडत गेली. 1947 साली सिंधकडची उरलेली वाटही सरहद्दीनं बंद केली. बाजार उठला की बाजारातला माणूस बसून राहत नाही, तो नवा बाजार शोधत निघतो. थर ते भाईंदर या प्रवासाचा उगम मला पटव्याच्या सज्जात उभी असताना कळला, आणि शेजारी उभ्या भाभी त्या वेळी खालच्या गल्लीतल्या ओढण्यांचे भाव वरूनच विचारत होत्या.

बाजारात आरसेकामाचे पलंगपोस, उंटाच्या कातड्याच्या पिशव्या, कठपुतळ्या, मोजड्या. ठिगळकामाच्या एका जुन्या गोधडीवर मी हात फिरवला तर आतून कुणाच्या तरी लग्नातल्या घागऱ्याचा तुकडा लागला, त्याची जर काळवंडलेली. पण थबकले ती हाबूरच्या दगडाच्या वाट्यांपाशी. तपकिरी-पिवळ्या दगडात गोल, वेड्यावाकड्या, चकत्यांसारख्या नक्ष्या. दुकानदार सांगत होता, यात दूध ठेवलं की विरजणाशिवाय दही लागतं. ते त्याचं त्यानं पाहून घ्यावं. मला त्या नक्ष्यांचं अप्रूप. ते जीवाश्म होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी या भागात समुद्र होता, त्यातल्या जिवांची कवचं गाळात दबून दगड झाली. म्हणजे भाईंदरच्या खाडीकाठची बाई रेल्वेनं रात्रभर प्रवास करून वाळवंटात आली आणि कशावर पैसे घालवायला निघाली, तर समुद्रावर. घेतली मी ती वाटी. दही काही लागलं नाही.

परत आल्यावर घोडबंदरला गेले. घरापासून रिक्षाच्या अंतरावरचा किल्ला, आणि आजवर तो मी ठाण्याच्या वाटेवरून जाताना खिडकीतून पाहिला असेल तेवढाच. आता गेले ती जैसलमेरचा प्रश्न घेऊन: कमाई कुठली? टेकाडावर उभं राहिलं की उत्तर समोरच वाहतं. उल्हास नदीचं पाणी इथं खाडी होऊन वळण घेतं. कल्याण आणि ठाणे या जुन्या बंदरांतून वसईच्या मुखाकडे जाणारी होडी या वळणाला चुकवून जाऊच शकत नव्हती. अरबी घोडे इथं उतरत असं सांगतात. पोर्तुगिजांनी 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळवली आणि मग या सगळ्या मुलखावर त्यांचं फिरंगाण पसरलं. समुद्रात त्यांचा परवाना, ज्याला ते कार्ताझ म्हणत, तो जवळ नसलेलं जहाज पकडलं जायचं. खाडीत त्यांचे बुरूज. 1672 साली शिवाजी महाराजांच्या फौजेनं घोडबंदरवर घातलेला घाला त्यांनी परतवला, 1737 साली मात्र मराठ्यांनी तो घेतला, आणि 1818 नंतर इंग्रज आले. ठाण्याच्या कलेक्टरानं इथं बंगला केला. महसूल गोळा करणाऱ्या साहेबाला नेमकी हीच जागा आवडावी, यात मला नवल वाटलं नाही.

वरून खाली वरसावे पुलाकडे पाहिलं की राष्ट्रीय महामार्ग 48 दिसतो. तो पुढं अहमदाबाद, उदयपूर, जयपूर करत दिल्लीला जातो. राजस्थानातून संगमरवराच्या लाद्या घेऊन येणारे ट्रक याच पुलावरून इकडे उतरतात. आणि पुढं दहिसर. दहिसर चेकनाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मध्ययुग समजावून सांगावं लागत नाही. क्लीनर रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून भाकऱ्या करायचे, दलाल हातात कागदांचे गठ्ठे घेऊन या केबिनमधून त्या केबिनमध्ये पळायचे, चहावाला थर्मास घेऊन रांगेच्या शेवटापर्यंत चालत जायचा. मुंबईची जकात 30 जून 2017च्या रात्री संपली आणि दुसऱ्या दिवशी जीएसटी आला. लहान गाड्यांचा टोल माफ व्हायला ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला. आमचं गाव कधीच कुणाची राजधानी नव्हतं. नाका मात्र कायम होतं. म्हणून इथले किल्ले दिमाखदार नाहीत, कामापुरते आहेत. चौकीदाराच्या खोलीला कोण नक्षी करतो?

दुसरा किल्ला धारावीचा. ही धारावी झोपडपट्टीची नव्हे, भाईंदरच्या पश्चिमेचं जुनं धारावी बेट. मुर्धा, राई, मोरवा, डोंगरी, उत्तन अशी गावं ओलांडत रस्ता चौकला जातो, तिथं समुद्राच्या तोंडाशी टेकाडावर थोडी तटबंदी उरली आहे. समोर पाण्यापलीकडे वसईचा कोट. वसईत शिरणारं जहाज इथल्या तोफांच्या नजरेसमोरून जाणार, म्हणून चिमाजी आप्पांच्या मोहिमेत धारावी हातात येणं भाग होतं. ती मिळाली, गेली, पुन्हा मिळवावी लागली. 1739च्या मार्चमध्ये ती मराठ्यांकडे आली आणि मे महिन्यात वसई पडली. आता तिथं आप्पांचा पुतळा आहे, माणसं त्याच्यापाशी फोटो काढतात. आणखी एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. वसईच्या कोटाचा आणि चर्चांचा पुष्कळसा दगड या बेटाच्या खाणींतूनच तासून पलीकडे गेला. ज्या दगडाला मराठ्यांनी सुरुंग लावले तो इथलाच, डोंगरीच्या आसपासचा. तो तासणाऱ्या पाथरवटांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत, जैसलमेरच्या जाळ्या कोरणाऱ्यांचीही नव्हती.

या रस्त्याला मिठागरं लागतात. उन्हाळ्यात ती पाहावीत. उधाणाचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, बांध घातलेल्या वाफ्यांतून फिरवत उन्हानं आटवायचं, आणि तळाशी मिठाचे दाणे धरले की लाकडी फावड्यानं ओढून काठाला रास करायची. दुपारी बाराला तिथं उभं राहिलं तर डोळ्यांना पांढऱ्याखेरीज काही दिसत नाही, जमीन तडकलेली, सावली नाही. आमचं वाळवंट हेच. आणि इथंही सरकार हजर असायचं: मिठावर कर, मिठाला पहारा. इंग्रजांनी 1870 साली राजस्थानातलं सांभर सरोवर जयपूर-जोधपूरच्या संस्थानिकांकडून पट्ट्यानं घेतलं ते मिठाच्या महसुलासाठीच. कोकणचं मीठ लमाणांच्या बैलतांड्यांवरून घाट चढून देशावर जायचं आणि येताना धान्य यायचं. आता भाईंदरची मिठागरं आक्रसत चालली आहेत; बाजूच्या इमारतींच्या जाहिरातींत त्यांना ‘खाडीचा नजारा’ म्हणतात.

हस्तकलेचा बाजार आमच्याकडे नाही, असं मी समजत होते. मग एक दिवस स्टीलच्या दुकानात गेले. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतून स्टेनलेस स्टीलची भांडी बनतात. पत्र्याच्या गोल चकत्या, त्यांना तिथं सर्कल म्हणतात, प्रेसखाली जातात आणि पातेली होऊन बाहेर येतात, मग पॉलिशवाले. त्यांची तोंडं काळी, हातातलं भांडं आरशासारखं. तिथून ती दुकानात. मला भाचीच्या लग्नात द्यायचा डबा हवा होता, त्यावर नाव घालायचं होतं. दुकानदार साठीचे, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी कागदावर माझ्याकडून मजकूर लिहून घेतला, डबा मांडीवर आडवा धरला आणि सुईचं छोटं यंत्र चालू केलं. टर्रर्र करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटायला लागली. आधी आखणी नाही, पेन्सिल नाही. वळणदार ‘चि. सौ. कां.’, पुढं नाव, खाली ‘मामा-मावशीकडून सप्रेम भेट’, शेवटी तारीख. ‘कां’वरचा अनुस्वार त्यांनी सुईचं टोक क्षणभर टेकवून एका टिंबात उमटवला आणि अंगठ्यानं धातूचा कीस पुसला. मी म्हटलं, ‘शेठ, मराठी छान लिहिता.’ ‘बहनजी, चाळीस वर्षं तुमच्या लोकांची लग्नं आणि श्राद्धं लिहितोय,’ ते म्हणाले. ‘माझ्या घरच्या भांड्यावर अजून नाव घातलं नाही.’ गाव विचारलं तर सिरोहीकडचं.

इतकं सगळं डोक्यात साठल्यावर ते कुणाला तरी ऐकवणं आलंच. जैसलमेरच्या सहलीतल्या मंडळींना मी एका मे महिन्यातल्या रविवारी पालिकेच्या बसनं चौकला नेलं. गाईड मीच. पुतळ्यापाशी उभी राहून मी फिरंगाण सांगितलं, कार्ताझ सांगितला, दगडाच्या खाणी, जकात, तांडे, सगळं सांगितलं. मंडळींनी सोसलं. काकांनी इथले बुरूज किती, असं विचारलं आणि मी, जैसलमेरच्या त्या माणसाची क्षमा मागत, नुसती हसले. मग ठरलेला प्रश्न आला, ‘किल्ला झाला. मार्केट कुठंय?’

मार्केट खाली धक्क्याजवळ होतं. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते, जाळ्यांवर सुकट पसरली होती आणि वारा आमच्याच दिशेनं होता. निम्मी मंडळी जैन. त्यांनी नाकाला रुमाल लावून जी पाठ फिरवली ती बसथांब्यापर्यंत. भाभी मात्र थांबल्या, कारण वलांडीच्या पलीकडे एक म्हातारी कोळीण ताडगोळे सोलत बसली होती. कोयत्याच्या दोन घावांत ताडफळ उघडायचं, अंगठा घालून पारदर्शक गर अख्खा बाहेर काढायचा, पानावर ठेवायचा. तिनं डझनाचा भाव सांगितला. भाभींनी निम्मा केला. कोळणीनं मान वरसुद्धा केली नाही. ‘घ्यायचं तर घे बाय, हात नको लावू.’ भाभींनी उठल्यासारखं केलं, चार पावलं गेल्या, परत आल्या, दोन जास्त टाकणार असाल तर बघते म्हणाल्या. म्हातारीनं एक जास्त टाकला आणि पानाची कड दुमडली. भाभींनी ती उलगडली. बस आली, बाकीचे चढले, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मी दोघींना घाई करून पाहिली. ‘ताई, तुम्ही चढा,’ भाभी कोळणीवरची नजर न काढता म्हणाल्या, ‘पुढची बस असेलच की.’